गुण नेमका कशाचा

दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी वरची चादर उचलली, नाकाशी धरली, घडी उलटून पुन्हा एकदा नाकाशी धरली आणि वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी हुंगली. उकळत्या पाण्यातून काढलेली, कडक इस्त्रीची, नजर ठरणार नाही अशी पांढरी चादर, आणि तिला वास मात्र गॅरेजातल्या फडक्याचा.

"पोटावर टाके घातलेला माणूस मी ह्याच्यावर झोपवू?" मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं, पण त्या अगदी हळू बोलत होत्या. "आजच्यापुरत्या ठेवून घेते. पुन्हा असा वास आला तर गठ्ठे दारातूनच परत जातील, वहिनी. मग मला बोल लावू नका."

मेट्रनबाईंचं आणि वहिनींचं काही नातं नव्हतं, पण वहिनींना वहिनी न म्हणणारं माणूस त्या भागात सापडणं कठीण. कोपऱ्यावरची लाँड्री त्यांची. नवऱ्याच्या मित्रांनी कधीतरी वहिनी म्हणायला सुरुवात केली, ते इस्त्रीवर उभ्या राहणाऱ्या बायकांनी उचललं, मग गिऱ्हाइकांनी. आता तर बँकेतला साहेबसुद्धा सही घेताना "वहिनी, इथे" म्हणायचा. मागच्या खोलीतला बॉयलर आणि धुण्याची दोन अजस्र मशिनं नवरा सांभाळायचा. तो मुळातच कमी बोलणारा, त्यात मशिनांच्या घरघरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरात त्याचा आवाज झाला की मांजरही मान वर करून बघायचं. गिऱ्हाइकं, इस्त्री, घड्या आणि दवाखान्यापासून स्टेशनजवळच्या लॉजपर्यंत गठ्ठे पोचवणं, हे सगळं वहिनींकडे.

गठ्ठे पोचवायची गाडी म्हणजे बगळी. सासऱ्यांनी घेतली तेव्हा पांढरीशुभ्र होती म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलं. आता रंग धुरकटला होता, मागच्या दाराला खालून गंज चढला होता, पण डिझेलचं जुनं इंजिन अजून ओढ धरून होतं. सकाळी मात्र ते दमेकऱ्यासारखं खोकायचं, दोनतीनदा नन्नाचा पाढा म्हणायचं, आणि मग गदगदून सुरू झालं की मागून असा काळा लोट निघायचा की समोरचा सलूनवाला अर्धवट दाढीचं गिऱ्हाईक सोडून दार लावायला धावायचा.

सासऱ्यांनी ती गाडी उभं आयुष्य चालवली. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन झालं तरी एका डोळ्याला पहिल्यासारखं दिसेना, आणि एके दिवशी त्यांनी बगळी थेट भाजीवालीच्या कोबीच्या ढिगात घातली. कोणाला लागलं नाही, पण किल्ली सुनेकडे आली. तेव्हापासून कोणी गाडीबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "मला काय विचारता? मालकीणबाईंना विचारा."

दवाखान्यातून वहिनी निघाल्या त्या तडक मिस्त्रींच्या गॅरेजात.

मिस्त्रींनी बगळीचा आवाज ऐकला, मागे जाऊन धूर बघितला, हात पुसले. "काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. वय झालंय, वहिनी."

"ते मलाही दिसतंय. करायचं काय?"

"करायचं तर खूप आहे. इंजिन खोलायचं, पंप बघायचा, डिझेल आत फवारणारी नोझल साफ करायची."

"आणि तोवर गठ्ठे डोक्यावर घेऊन हिंडू?"

मिस्त्रींनी मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, ते वहिनींना कळलं नाही. मिस्त्रींचं सगळंच असं असायचं. ते उत्तर द्यायचे, पण उत्तर ऐकल्यावर प्रश्न काय होता तेच माणूस विसरायचा.

घरी आल्या तर धाकटा भाऊ इस्त्रीच्या टेबलाशी बसून चहा पीत होता. त्याच्या पायाशी एक नवीकोरी बॅग. बॅग नवी म्हणजे धंदा नवा, हे वहिनींना सवयीने ठाऊक. आधी त्याने पाण्याचे फिल्टर विकले, मग विमा, मग पाठदुखीचे पट्टे. प्रत्येक वेळी पहिला नग ताईच्या घरी यायचा. पट्टा सासरे अजून बांधायचे, पण पाठीला नाही. त्याने खिडकी बांधून ठेवलेली होती.

"ताई, हे बघ." त्याने निळ्या रंगाची बाटली टेबलावर ठेवली. "डिझेलमध्ये टाकायचं. नोझलमधली काजळी सुटते, डिझेल नीट जळतं, धूर कमी. आणि जुन्या इंजिनाला तर जास्तच गरज. आताचं डिझेल पूर्वीसारखं नाही राहिलं, त्यातलं गंधक काढून टाकलंय. हवेला चांगलं, पण इंजिनातल्या पंपाला कोरडं पडतं. हे त्याला वंगण देतं."

"सगळं करतं म्हण की एकटी बाटली."

"चेष्टा नको गं. एक टाकीभर वापरून तर बघ."

सासरे कोपऱ्यातून उसासले. "वंगणच हवं तर थोडं इंजिन ऑइल टाकावं डिझेलमध्ये. आम्ही तेच करायचो. बाटलीत भरून निळा रंग दिला की झालं औषध."

"तसं नाही बाबा, ऑइल टाकलं तर उलट काजळी वाढते," भाऊ म्हणाला.

"माझी गाडी इतकी वर्षं चालली ती काजळीवर चालली का?"

नवरा दारात येऊन उभा राहिला आणि दोघांकडे बघून परत बॉयलरकडे गेला.

वहिनींच्या डोक्याचा भुगा झाला. बाटली घेतली तर सासरे दुखावणार, नाही घेतली तर भाऊ. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मिस्त्रींकडे गेल्या आणि सरळ विचारलं, की जुन्या डिझेल इंजिनाला अशा बाटलीचा उपयोग होतो का.

"छे! पाण्यात पैसे. फिल्टर वेळेवर बदला, चांगल्या पंपावर डिझेल भरा, बास."

हे बोलत असताना ते एका गाडीत ऑइल ओतत होते, आणि ओतण्यासाठी त्यांनी जे नरसाळं धरलं होतं ती अर्धी कापलेली निळी बाटली होती. वहिनींनी बोट दाखवलं.

"ही?"

"ही होय. मीच आणली होती. माझ्या जुन्या गाडीत टाकली."

"मग?"

"मग गाडी विकली."

"म्हणजे बिघडली?"

"नाही, चांगली पळायला लागली. म्हणून तर गिऱ्हाईक मिळालं." मिस्त्रींनी नरसाळं झटकलं. "पण त्याच वेळी मी नोझलही साफ केली होती. आता कशाने पळाली, कोण सांगणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला. माझं म्हणाल तर बाटलीने काही होत नाही. आणि टाकली तर काही बिघडतही नाही. म्हणजे बहुतेक."

वहिनी घरी आल्या त्या ह्या "बहुतेक"चं ओझं घेऊन. पण लाँड्रीत पाऊल टाकताच त्यांना एक गोष्ट सुचली. धुण्याची नवी पावडर कोणी विकायला आलं की त्या कधी त्याच्या बोलण्यावर जात नसत. एक गठ्ठा जुन्या पावडरीत, एक नव्या पावडरीत. पाणी तेच, मशीन तेच, डाग तेच. दोन्ही चादरी दोरीवर शेजारी टांगायच्या आणि उजेडात बघायच्या. डोळ्यांपुढे खरं-खोटं होतं. मग गाडीचं तसंच का करू नये? एक टाकी नुसत्या डिझेलची, पुढची टाकी बाटलीसकट. रस्ता तोच, गठ्ठे तेच. सकाळी किती वेळा खोकते, चढावर किती धूर सोडते, ते बघायचं.

रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांना बजावलं. "दोन आठवडे गाडीला कोणी हात लावायचा नाही. पहिल्या टाकीत काही म्हणजे काही घालायचं नाही. दुसऱ्या टाकीत मी स्वतः बाटली घालणार. मग कळेल."

"कळेल, कळेल," सासरे भात कालवत म्हणाले.

नवऱ्याने मान डोलावली. मिस्त्रींनाही त्यांनी जाता जाता सांगून ठेवलं, की आता दोन आठवडे मी तुमच्याकडे यायची नाही, गाडीची परीक्षा चालू आहे. मिस्त्री म्हणाले, "उत्तम. फक्त एकदा नजर टाकतो, म्हणजे परीक्षा कशी सुरुवातीपासून नीट होईल." वहिनी शेजारच्या दुकानात सुई-दोरा घ्यायला गेल्या तेवढ्यात त्यांची नजर टाकून झाली होती.

आणि मग जे व्हायचं नव्हतं तेच झालं. नुसत्या डिझेलवर बगळी सुधारली.

पहिल्या दिवशी वहिनींना वाटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने दार लावलंच नाही, गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, आणि वहिनी एवढ्या दचकल्या की त्यांनी ती बंद केली आणि खात्री करायला पुन्हा सुरू केली. दवाखान्याचा चढ तर तिने तोंडातून ब्र न काढता पार केला. धूर होता, पण पहिल्याच्या निम्मासुद्धा नाही.

वास मात्र होताच. कमी होता, पण होता. मेट्रनबाईंनी चादर हुंगली, वहिनींकडे बघितलं आणि "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ लावण्यात वहिनींची अख्खी दुपार गेली.

काहीच न करता गुण कसा आला? वहिनी इस्त्री फिरवता फिरवता विचार करत. हवा बदलली म्हणावं तर तशी बदललेली नाही. डिझेल त्याच पंपावरचं. आपण गाडीकडे लक्ष द्यायला लागलो म्हणून ती शहाण्यासारखी वागायला लागली? शाळेत साहेब यायचे त्या दिवशी वर्ग कसा गप्प बसायचा, तसं? त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "होतं असं कधीकधी," आणि नळाला फडकं बांधायला वाकला. त्याचे कान लाल झाले होते, पण बॉयलरशेजारी सगळ्यांचेच कान लाल होतात.

दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी टाकी भरली, बाटली फोडली, त्यावर लिहिलं होतं तेवढं मोजून ओतलं. आता गाडी आणखी सुधारायला हवी, किंवा निदान तशीच राहायला हवी. दोन दिवस ती तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी चढावर तिला एक हिसका बसला. चौथ्या दिवशी दोन. आणि पाचव्या दिवशी, गठ्ठे खच्चून भरलेले असताना, दवाखान्याच्या चढाच्या बरोबर मधोमध तिने एक लांब उचकी दिली आणि गप्प झाली. वहिनींनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं कुरकुरलं. मागून रुग्णवाहिकेने भोंगा वाजवला.

त्यांनी घरी फोन केला. थोड्या वेळाने मिस्त्री आपल्या स्कूटरवर आले, मागे नवरा बसलेला. आणि त्यांच्या मागोमाग रिक्षातून सासरे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गाडी बंद पडली हे ऐकल्यावर ते चप्पल उलटसुलट घालून तसेच निघाले होते.

चौघांनी मिळून गाडी कडेला ढकलली. मिस्त्रींनी डिझेलचा फिल्टर काढला आणि उलटा केला. आतून काळा, चिकट गाळ पडला, चहाच्या चोथ्यासारखा.

"हे बघा. टाकीच्या तळाची घाण सुटून इथे येऊन बसली. बाटलीचं काम."

"म्हणजे बाटली वाईट?" वहिनींनी विचारलं.

"वाईट कशी? घाण काढते म्हणजे चांगलीच की."

"म्हणजे चांगली?"

"पण गाडी बंद पडली ना. आणि फिल्टर तसाही जुना होता, कधीतरी तुंबणारच होता." त्यांनी गाळ बोटांत चोळला, वास घेतला, भुवया वर गेल्या. "यात ऑइल आहे. वहिनी, तुम्ही इंजिन ऑइल घातलंत टाकीत?"

"मी कशाला घालीन?"

सासरे रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काहीही नव्हतं.

"बाबा?" वहिनी म्हणाल्या.

"थोडंसंच," सासरे म्हणाले. "तिला सवय आहे. एकदम सगळं तोडलं तर कसं होईल तिचं?"

"कधी?"

"पहाटे. तू उठायच्या आधी. मी जरा तिच्याजवळ जाऊन बसतो. काचा पुसतो. दोन आठवड्यांचं नाही सांगत मी, पहिल्यापासूनच जातो." त्यांचा आवाज खाली गेला. "चालवत नाही. किल्ली कुठे आहे माझ्याकडे. नुसता बसतो."

रागवावं का जवळ घ्यावं, हे वहिनींना समजेना. पण मग त्यांना आठवलं, की सासरे पहिल्यापासूनच ऑइल घालत असतील तर पहिल्या आठवड्यात गाडी एकदम सुधारली कशी?

त्यांनी नवऱ्याकडे वळून बघितलं. या खेपेला जवळपास बॉयलर नव्हता, तरी कान लाल होते.

"अहो?"

"तुझ्या भावाची बाटली," नवरा चप्पलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "दुसरी एक होती त्याच्या बॅगेत. मागून घेतली."

"पण पहिल्या टाकीत काही घालायचं नाही म्हणाले होते ना मी! बाटली दुसऱ्या टाकीत होती!"

"ते माझ्या उलटं लक्षात राहिलं." तो म्हणाला. "आणि म्हटलं, जरा जास्त पडली तर नक्की गुण येईल. बाटली नापास झाली असती तर तू त्याला तोंडावर सांगितलं असतंस. पट्ट्याच्या वेळी सांगितलं होतंस, तर सहा महिने आला नव्हता तो. तू रोज दाराकडे बघायचीस."

नवऱ्याने एका दमात एवढं बोलल्याचं वहिनींना लग्नापासून आठवत नव्हतं.

"म्हणजे पहिल्या आठवड्यात गुण आला तो बाटलीचाच," त्या सावकाश म्हणाल्या. "मग बाटली खरी."

मिस्त्री खाकरले.

"नाही, म्हणजे, तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "मी नजर टाकली ना त्या दिवशी. एअर फिल्टर पार धुळीने माखला होता. इंजिनाला हवाच नव्हती मिळत. मी नवा बसवला."

"न विचारता?"

"पैसे कुठे मागितले मी? म्हटलं, नुसत्या डिझेलवर गाडी नीट चालली की तुमची बाटलीची भूक मिटेल. हल्ली जो तो बाटली ओततो आणि बिघडली की माझ्याकडे घेऊन येतो."

वहिनी गाडीच्या पायरीवर बसल्या. एकाने ऑइल ओतलं, एकाने बाटली ओतली, एकाने फिल्टर बदलला, आणि तिघांनीही वहिनींच्याच भल्यासाठी. चादरीच्या बाबतीत कोणी असं केलं असतं, एका चादरीवर तिघांनी तीन पावडरी टाकल्या असत्या, तर त्यांनी ती चादर फेकून दिली असती. इथे काय फेकायचं? आधी त्यांना रडू येईलसं वाटलं, मग हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा हे नेमकं काय चाललंय ते त्यांचं त्यांनाच कळेना. सासरे घाबरून म्हणाले, "सूनबाई, पाणी पितेस का?"

मिस्त्रींनी डिझेलचा नवा फिल्टर बसवला, डिझेलच्या नळीतली हवा काढली, गाडी सुरू केली आणि म्हणाले, दवाखान्यापर्यंत मीच नेतो, चढावर पुन्हा थांबली तर. सासरे तोवर पुढच्या सीटवर चढून बसलेही होते. नवरा स्कूटर घेऊन मागून निघाला. राहिल्या वहिनी. त्या मागे गठ्ठ्यांमध्ये शिरल्या आणि दार ओढून घेतलं.

त्या गाडीच्या मागच्या भागात बसून त्यांनी कधी प्रवास केला नव्हता. आत अंधार होता. गाडी हलली, आणि अंधारात दाराच्या खालच्या कडेला बोटभर उजेडाची फट दिसली. जिथे गंज चढला होता तिथलं रबर केव्हाच गळून गेलं होतं. गाडीने चढावर जोर धरला, आणि त्या फटीतून धुराची एक करडी शेपटी आत आली, गठ्ठ्यांवरून वळली आणि वहिनींच्या नाकात शिरली. त्या खोकल्या. पदर नाकाला लावला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या पत्र्यावर धडाधड थापा मारल्या.

"थांबवा! अहो मिस्त्री, थांबवा!"

"काय झालं?" पुढून सासरे ओरडले. "पुन्हा बंद पडली?"

"नाही! सापडलं!"

वरचा गठ्ठा वास मारत होता, खालचे नव्हते. त्या दिवशी वहिनींनी वरचा गठ्ठा स्वतःच बाजूला काढला आणि मेट्रनबाईंना उरलेले दिले. मेट्रनबाईंनी तीन चादरी हुंगल्या, चौथी हुंगली नाही. "आता कसं," त्या म्हणाल्या. "डिझेलमध्ये काय टाकलंत?" बाजूला काढलेला गठ्ठा संध्याकाळी धुऊन आणते, एवढंच वहिनी म्हणाल्या.

दाराचं रबर दुसऱ्याच दिवशी बसलं. त्याला ना कुठलं औषध लागलं, ना इंजिन खोलावं लागलं. चादरींचा वास गेला. पण भाऊ यायचा होता, आणि त्याला काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं.

तो रविवारी आला. या वेळी बॅग न घेता. चहा झाला, सासऱ्यांच्या डोळ्याची चौकशी झाली, मग वहिनींनी त्याला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून फिल्टरमधल्या गाळापर्यंत. त्यांना वाटलं होतं तो हसेल, नाहीतर फुरंगटून उठून जाईल. पण ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे कळलं नाहीच," तो म्हणाला.

"नाही रे. पण बाटली वाईट आहे असं मी नाही म्हणत. तू मनाला लावून घेऊ नकोस. कदाचित बाटलीचाच गुण असेल."

"ताई, मला कुठे माहीत आहे गुण आहे का नाही?" तो एकदम म्हणाला. "कंपनीने कागद दिला, त्यावर जे लिहिलंय ते मी बोलतो. गंधक आणि वंगण आणि काजळी. कोणी मान डोलावतो, कोणी हाकलून देतो. एक ट्रकवाला म्हणाला, मस्त आहे, अजून दे. दुसरा म्हणाला, पंप गेला माझा, तुझ्यामुळे. मी दोघांनाही हसून नमस्कार केला. पट्ट्याच्या वेळी तू म्हणालीस ना, की हे नुसतं कापड आहे, तेव्हा मला राग आला होता. पण ते खरं होतं. मी तुला बाटली दिली ती तू विकत घ्यावीस म्हणून नव्हती गं. तू पावडरीचं कसं बघतेस, चादरी शेजारी टांगून, ते मला माहीत होतं. म्हटलं, ही नक्की खरं काय ते शोधून काढेल. मग मी विकायचं का सोडायचं, ते ठरवेन."

इतके दिवस वहिनींना वाटत होतं की भावाची परीक्षा चालू आहे. तो तर निकाल लागण्याची वाट बघत बसला होता, आणि त्यांच्याच घरातल्या माणसांनी पेपर भिजवून टाकला होता.

"पुन्हा करू," त्या म्हणाल्या. "नीट करू. एअर फिल्टर आता तोच राहील. दोन टाक्या नुसत्या, दोन टाक्या बाटलीच्या."

"आणि बाबा?"

दोघांनी खिडकीतून बाहेर बघितलं. सासरे बगळीच्या पुढच्या सीटवर बसून काच पुसत होते. परवापासून वहिनींनी किल्ली सकाळी त्यांच्याकडे द्यायला सुरुवात केली होती, फक्त सुरू करून गरम करायला. गिअरला हात न लावण्याच्या बोलीवर. ऑइलचा डबा मात्र वहिनींनी माळ्यावर ठेवून दिला होता. माळ्यावर चढायला शिडी लागते, आणि शिडी काल दुपारी जागेवरून हललेली वहिनींना दिसली होती. त्यांनी विचारलं नव्हतं.

"बाबांचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"भावजींचं?"

"त्यांचंही."

भाऊ पहिल्यांदा हसला. "मग लोकांना काय सांगू मी? आमच्या ताईने टाकलं, गाडी आधी सुधारली, मग बंद पडली, मग सुधारली, आणि कशाने ते तिला माहीत नाही?"

"असंच सांग. खरं आहे ते."

"कोण घेईल?"

"ते मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "मला गाडीचंच कळत नाही, गिऱ्हाइकाचं काय कळणार?"

लॉजचे गठ्ठे जायचे होते. भावाने न सांगता दोन उचलले, नवऱ्याने दोन, आणि नव्या रबराचं दार धपकन बसलं. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. बगळीने एकदा खोकून घेतलं आणि ती सुरू झाली. मागून थोडा धूर निघाला, हवेत विरला. सगळे मान तिरकी करून आवाज ऐकत उभे राहिले, जसं डॉक्टर छातीला नळी लावल्यावर घरचे लोक उभे राहतात.

"फरक वाटतोय का गं?" भावाने हळूच विचारलं.

"कशापेक्षा?" वहिनी म्हणाल्या. मग सासऱ्यांना बाजूला सरकायला सांगून त्या गाडीत चढल्या.